आधी लिहा, मग बोला : तासगावच्या बेदाण्याची ऑनलाइन फळ्यावरची कार्यशाळा

आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस सांगलीत विश्रामबागेत आहे. टीममधली दोघं पुण्यात असतात, एक जण कोल्हापुरातून काम करतो. मी कोड लिहीत नाही. ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं, त्यांचं काम नेमकं कसं चालतं हे समजून घेऊन टीमसमोर मांडायचं, एवढंच माझं काम. ही माहिती मी आता बहुतेक वेळा ऑनलाइन फळ्यावर, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून चिठ्ठ्या लावता येतील अशा इंटरनेटवरच्या फळ्यावर, सगळ्या संबंधितांना एकत्र बसवून गोळा करते. अशा कार्यशाळांपैकी एकीबद्दल इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना अशी कार्यशाळा घ्यायची आहे त्यांना त्यातलं बरंचसं थेट वापरता येईल.

काम होतं बेदाण्याचं. तासगावात एका कुटुंबाचं कोल्ड स्टोरेज आहे आणि सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचीच अडत. दोन्हीकडचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत आणि वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर. शेतकऱ्याची पेटी आत आल्यापासून तिचे पैसे त्याच्या हातात पडेपर्यंतचा सगळा प्रवास एका ठिकाणी दिसावा, अशी त्यांची मागणी होती.

मागणी नीट समजावी म्हणून आम्ही आधी व्हिडिओ कॉल लावला. मालक, म्हणजे अण्णा, तासभर मनापासून बोलले. अडतीचे दिवाणजी, स्टोरेजचे मॅनेजर, हमालांचे मुकादम आणि आवक नोंदवणारी मुलगी अशी सगळी मंडळी हजर होती. अण्णांनी एकेकाला नाव घेऊन विचारलंही, "तुमचं काय म्हणणं?" प्रत्येकाचं उत्तर एकच : "होय अण्णा, तुम्ही सांगितलं तसंच." मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये तोंड घालू नये हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात आणि त्या शिकवणीला मी नावं ठेवणार नाही. पण त्या कॉलमधून आम्हाला एकाच माणसाच्या डोक्यातलं चित्र मिळालं, आणि पेट्या तर दिवसभर बाकीच्यांच्याच हातांतून जातात.

म्हणून मी अण्णांना सुचवलं, आता पुढची बैठक बोलण्याची ठेवू नका, लिहिण्याची ठेवा.

यामागे माझा अनुभव तर होताच, पण चांगलं संशोधनही आहे. सगळ्यांनी एकत्र बसून मोकळेपणाने कल्पना बोलून दाखवायच्या, ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत अमेरिकेतल्या अलेक्स ऑस्बोर्न या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने रूढ केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ती तपासून पाहिली. काही गट एकत्र बसून बोलले, आणि तितकीच माणसं स्वतंत्र बसून विचार करत राहिली. स्वतंत्र बसलेल्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तेव्हा त्या जास्त भरल्या. असं का होतं, हे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी प्रयोगांतून दाखवलं. त्यांच्या मते मुख्य अडचण असते ती पाळीची. एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता मनातलं निसटून जातं, किंवा आता ते सांगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागतं. आपल्या बैठकांत या पाळीला मानाचा आणि वयाचा भार येऊन मिळतो. फळ्यावर मात्र दहा माणसं एकाच वेळी लिहू शकतात. ऑनलाइन फळ्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला यातच दिसतो. रंगीत चित्रं, बाण, तयार साचे हे सगळं त्यानंतर.

सगळ्यांना एका खोलीत बसवून भिंतीवर कागद लावता आला असता तर मी तेच केलं असतं. पण फेब्रुवारी ते एप्रिल हा बेदाण्याचा हंगाम. शेडवर माल तयार होत असतो, स्टोरेजच्या दारात गाड्या उभ्या असतात, सौदे चालू असतात. तासगावची माणसं सांगलीला आणि सांगलीची तासगावला दोन तासांसाठीसुद्धा हलू शकत नव्हती. पुण्याची तर बातच नको.

पद्धत निवडली ती अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन सॉफ्टवेअर सल्लागाराची. २०१३ च्या सुमारास त्यांनी ती मांडली आणि इव्हेंट स्टॉर्मिंग या नावाने ती जगभर वापरली जाते. ते भिंतभर लांब कागद लावतात. कामात जे जे घडतं, ते प्रत्येकाने एकेका नारिंगी चिठ्ठीवर घडून गेल्यासारखं लिहायचं आणि डावीकडून उजवीकडे वेळेच्या क्रमाने लावायचं. "माल आला", "वजन झालं", "पावती दिली." जिथे शंका, भांडण किंवा अडचण असेल तिथे ठसठशीत गुलाबी चिठ्ठी. पद्धतीत पुढे आणखी रंग आहेत, पण पहिल्या दिवशी मी हे दोनच ठेवते. जास्त रंग दिसले की माणसं कामाऐवजी रंगाचा विचार करत बसतात.

तयारीला कार्यशाळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा. मी तासगावला जाऊन प्रत्येकाशी थोडं थोडं बोलले. कोणाच्या हातात कोणता फोन आहे, मराठी टाइप करता येतं का, रेंज कुठे मिळते, हे सगळं पाहून घेतलं. आवक नोंदवणारी मुलगी फोनवर भराभर मराठी लिहायची. दिवाणजींना कीबोर्ड जड जात होता. त्यांना कीबोर्डवरच्या माईकचं बटण दाखवलं. बोललेलं देवनागरीत उमटताना पाहून त्यांनी लगेच एका पार्टीचं नाव, पेट्यांचा आकडा आणि भाव बोलून पाहिला. सगळं बरोबर आल्यावर म्हणाले, "मग काय अडचण नाही." मुकादम म्हणाले, "मी लिवणार न्हाई मॅडम, मी सांगतो." मग ठरलं की ते शेजारच्या खोलीत त्या मुलीजवळ बसून सांगतील आणि ती लिहील. तिला एकच अट घातली, त्यांचा शब्द बदलायचा नाही. शुद्ध करायचा नाही, लहान करायचा नाही, तोंडातून येईल तसाच उतरवायचा.

सावळजकडचे एक शेडवाले शेतकरी काकाही आम्ही बोलावले. अण्णांना आधी ते नको वाटत होतं, कारण घरातल्या अडचणी गिऱ्हाइकासमोर का मांडायच्या? मी म्हटलं, माल त्यांचा आहे. त्यांना काय दिसतं ते आपल्यापैकी कोणीच सांगू शकणार नाही. अण्णा तयार झाले. त्या कार्यशाळेतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच ठरला, असं मला आजही वाटतं.

आमच्याकडे मिरो वापरतात. २०११ मध्ये रिअलटाइमबोर्ड या नावाने सुरू झालेल्या या फळ्याला मिरो हे नाव २०१९ मध्ये मिळालं. म्युरल, फिगजॅम हेही याच जातीचे, आणि साध्या कामाला एक्सकॅलिड्रॉ पुरतो. तो मुक्तस्रोत आहे आणि खातं न उघडता चालतो. कोणता घ्यायचा यावर मी फार डोकं लावत नाही. दोनच गोष्टी पाहते. पाहुण्याला लिंक दाबून थेट लिहिता आलं पाहिजे, आणि देवनागरीतली जोडाक्षरं फोनवर नीट दिसली पाहिजेत. आमच्या प्लॅनमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या.

फळा आखताना मी लांबलचक आडवी पट्टी केली आणि तिच्यावर पुसट अक्षरांत पाच टप्पे लिहिले : शेड, आवक, साठवण, सौदा, पट्टी (म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब). मग ती आडवी पट्टी आणि टप्प्यांची नावं लॉक केली, म्हणजे जागेवरून हलणार नाहीत अशी. लॉक करणं विसरू नये. नाहीतर कोणाचं तरी बोट लागून अख्खी पट्टी सरकते आणि पुढची काही मिनिटं ती शोधण्यात जातात. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव दाखवायची सोय बंद केली. दुसऱ्यांचे कर्सर दिसणं बंद केलं, कारण फोनच्या पडद्यावर दहा नावं भिरभिरायला लागली की वाचणाऱ्याचं लक्ष राहत नाही. खासगी मोडही चालू ठेवला. त्यात लिहीत असताना दुसऱ्याच्या चिठ्ठीतला मजकूर दिसत नाही. कार्यशाळा घेणाऱ्याने मोड बंद केला की सगळं एकदम उघडतं. अण्णांनी काय लिहिलंय ते पाहून लिहिण्याची शक्यताच उरली नाही.

दोन बैठका ठरल्या, प्रत्येकी दीड तासाची, दुपारी जेवणानंतर. त्या वेळी गाड्यांची गर्दी कमी असते. दीड तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर कोणी नीट विचार करू शकत नाही, आणि हंगामात तेवढा वेळ मागणंही योग्य नाही.

सुरुवातीला सरावाचा तुकडा ठेवला होता. सकाळी काय खाल्लं ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी ओढून गोड किंवा तिखट या खणात टाका. पोहे, भाकरी, भडंग, शिरा असं सगळं आलं. चिठ्ठी कशी बनवायची, कशी ओढायची, पडदा लहानमोठा कसा करायचा हे खऱ्या कामाआधी हातात बसावं म्हणून हा सराव. पाच मिनिटं जातात, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

मग सगळ्यांचे माईक बंद, आणि पडद्यावर बारा मिनिटांचं घड्याळ. प्रश्न एकच : घडापासून पट्टीपर्यंत काय काय घडतं? मनात येईल ते लिहा, क्रमाची काळजी करू नका. ही शांतता सांभाळणं फार अवघड असतं. दोनेक मिनिटांत अण्णांनी माईक चालू केला, "मॅडम, आमच्याकडे कसं आहे बघा..." मी म्हटलं, "अण्णा, हे सगळं मला तुमच्याकडूनच ऐकायचंय, पण आधी लिहून घेऊया." ते थांबले आणि लिहायला लागले. ज्या माणसाच्या शब्दावर सगळं हलतं त्यानेच गप्प राहून लिहायला घेतलं, की बाकीच्यांनाही हे खरंच लिहायचं आहे हे पटतं.

बारा मिनिटांनी मोड बंद केला. फळा नारिंगी झाला होता.

शेडवाल्या काकांच्या चिठ्ठ्या वाचताना आमच्या पुण्याच्या मुलांच्या डोळ्यांसमोर बेदाणा पहिल्यांदा तयार झाला. घड तोडले, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले, शेडमधल्या जाळ्यांवर पसरले, पंधराएक दिवसांनी वाळले, काड्यांपासून मळून काढले, गंधकाची धुरी दिली, मशीनवर ग्रेड झाले, पंधरा किलोच्या पेटीत भरले. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. त्यांच्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पाऊस आला, रंग गेला." सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही घटना आमच्या हद्दीबाहेरची. तरी ती मी काढली नाही. एकाच बागेच्या मालाचे दोन-तीन रंगांचे वेगळे लॉट का होतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा का, हे त्या चिठ्ठीवरून सगळ्यांना कळलं. लॉट म्हणजे एक शेतकरी, असं आमच्या मुलांनी धरलं होतं. ते तिथेच सुटलं.

आता क्रम लावायचा. हे मी बोलत बोलत करते, आणि चिठ्ठ्या हलवायचं काम एकाच माणसाकडे देते. दोघांनी एकच चिठ्ठी ओढली की ती कोणाचीच राहत नाही. दुहेरी चिठ्ठ्या टाकून द्यायच्या नाहीत, एकावर एक ठेवायच्या. दिवाणजी आणि मॅनेजर दोघांनीही "भाडं बंद झालं" असं लिहिलं होतं. दिवाणजींची चिठ्ठी सौद्याच्या खणात होती आणि मॅनेजरची माल बाहेर पडण्याच्या खणात. म्हणजे एकाच्या हिशेबाने सौदा झाला त्या दिवशी शेतकऱ्याचं भाडं थांबतं, आणि दुसऱ्याच्या हिशेबाने व्यापाऱ्याची गाडी माल उचलते त्या दिवशी. मधल्या दिवसांचं भाडं कोणाच्या नावावर? दोघंही वर्षानुवर्षं एकाच मालकाकडे काम करतात, रोज फोनवर बोलतात, आणि हा फरक कधीच समोरासमोर आला नव्हता. शेतकऱ्याने तक्रार केली की त्या त्या वेळी अण्णा तोंडी मिटवून टाकायचे.

तिथे मी गुलाबी चिठ्ठी लावली आणि पुढे गेले. हे मुद्दाम करते. गुलाबी चिठ्ठीपाशी थांबून निर्णय घ्यायला बसलं तर पट्टीपर्यंत पोचायलाच होत नाही. आधी सगळा रस्ता दिसू द्यावा, खड्डे नंतर भरावेत. दिवाणजींना ते आवडलं नाही. त्यांना तिथेच निकाल हवा होता. मी त्यांना सांगितलं की ही चिठ्ठी फळ्यावरून कोणी काढणार नाही, दुसऱ्या बैठकीत सुरुवातच हिच्यापासून करू. आणि तशीच केली.

मुकादमांच्या चिठ्ठ्यांमध्ये एक होती : "जागा न्हवती म्हून पेटी दुसऱ्या चेंबरला टाकली." ही घटना दुसऱ्या कोणाच्याच यादीत नव्हती. आवकच्या वहीत पेटीचा चेंबर आणि जागा एकदाच लिहिली जाते, पेटी आत जाताना. नंतर थंडाव्यासाठी, नव्या मालाला जागा करायला, किंवा सौद्याचा माल पुढे आणायला पेट्या हलतात, आणि त्याची नोंद राहते फक्त हमालांच्या लक्षात. सौद्याच्या दिवशी माल सापडत नाही, शोधाशोध होते, तेव्हा सगळे मुकादमांना हाक मारतात. मॅनेजर म्हणाले, "हे तर रोजचंच आहे, यात लिहायचं काय?" कोल्हापूरच्या आमच्या मुलाने शांतपणे विचारलं, "मुकादम नसतील त्या दिवशी काय करता?" उत्तर आलं नाही. मॅनेजरांनी स्वतःच तिथे गुलाबी चिठ्ठी लावली. दुसऱ्याने दाखवलेली अडचण माणसाने स्वतःच्या हाताने फळ्यावर लावली, की ती सोडवायला तोच पुढे येतो. हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

आणखी एक. सगळा रस्ता आम्ही सरळ रेषेत मांडला होता : माल आला, ठेवला, विकला, पैसे दिले. काकांनी तेवढ्यात लिहिलं, "भाव पटला नाही, दिला नाही." म्हणजे सौद्याला लावलेला माल पुन्हा स्टोरेजमध्ये, भाडं चालू, पुढच्या सौद्याला परत. काही माल असा दोन-तीनदा फिरतो. आमच्या रेषेला एक वळसा आला, आणि त्या वळशात सॉफ्टवेअरचा मोठा भाग निघाला. सौद्यात नमुन्यासाठी पेटी फोडतात. माल परत ठेवताना त्या पेटीचं वजन आधीपेक्षा कमी भरतं, आणि तो फरक कुठे धरायचा हा प्रश्न वळसा दिसल्यावरच पुढे आला.

पण त्या दिवशी सगळ्यांना गप्प करणारी चिठ्ठी काकांचीच होती : "बँकेचा माल सुटला." पुष्कळ शेतकरी स्टोरेजमधल्या बेदाण्यावर तारण कर्ज घेतात. भाव पडलेला असताना माल विकावा लागू नये, आणि हातातही पैसा असावा, यासाठी. अशा मालावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फेडल्याचं पत्र आल्याशिवाय तो बाहेर जाऊ शकत नाही. आमच्या आधीच्या तासाभराच्या कॉलमध्ये बँक हा शब्द एकदाही आला नव्हता. अण्णांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगावं असं वाटलंच नाही. मॅनेजर ते एका वेगळ्या फायलीत ठेवतात, दिवाणजींना सौदा झाल्यावर कळतं. ती एक चिठ्ठी नसती तर आम्ही तारणातला माल विकू देणारं सॉफ्टवेअर बनवलं असतं.

पहिल्या बैठकीच्या शेवटी तासगावची वीज गेली. फोन चालू होते, राउटर बंद. मोबाइल डेटावर दोघं परत आले, दोघांना येता आलं नाही. अशा वेळेसाठी मी एक माणूस नेहमी फळ्याबाहेर ठेवते. त्याने व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवायचा, आलेलं उत्तर जसंच्या तसं चिठ्ठीवर टाकायचं. त्यामुळे बाहेर पडलेल्यांचं म्हणणंही फळ्यावर आलं.

त्या संध्याकाळी मी फळा आवरला. मजकुराला हात लावला नाही. फक्त अक्षरं मोठी केली, चिठ्ठ्या ओळीत घेतल्या, गुलाबी चिठ्ठ्यांना क्रमांक दिले. त्याच रात्री पीडीएफ ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवसावर टाकलं की माणसांच्या डोक्यातला संदर्भ पुसट होतो. मुकादमांना फोनवर ते बारीक दिसणार हे माहीत होतं, म्हणून साठवणीचा भाग ए-थ्रीवर छापून स्टोरेजच्या ऑफिसात लावायला सांगितला. दोन दिवसांत त्या कागदावर पेनाने आणखी काही लिहिलं गेलं, त्याचा फोटो त्या मुलीने पाठवला. त्यात हमालांनी सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या हमालांपैकी एकही जण कार्यशाळेत नव्हता.

दुसऱ्या बैठकीत गुलाबी चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. एकमेकींशी नातं वाटेल त्या चिठ्ठ्या जवळ ठेवायच्या, तेही न बोलता, आणि गठ्ठ्याला नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. ही रीत जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची. नेपाळच्या डोंगराळ गावांत हिंडून जमवलेल्या नोंदी ते अशाच कार्डांवर मांडत. त्या गावकऱ्यांबरोबर केलेल्या कामासाठी त्यांना १९८४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांचं ऐकता ऐकता वाढलेली ही पद्धत तासगावच्या स्टोरेजसाठी वापरताना मला फार समाधान वाटलं. गठ्ठ्यांना आधी नावं दिली तर माणसं चिठ्ठ्या नावात कोंबतात. म्हणून नाव शेवटी.

मग मतं. आधी काय सोडवायचं यासाठी प्रत्येकाला तीन ठिपके. मतदान संपेपर्यंत कोणाचं मत कुठे पडलं ते दिसू द्यायचं नाही. अण्णांना मी आधीच फोन करून विनंती केली होती की निकाल उघडल्यावरच बोला. भाड्याच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त मतं पडतील असं मला वाटलं होतं. पडली ती तारणाला, आणि त्याखालोखाल पेटी हलवण्याला. अण्णा थोडा वेळ आकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग तेच आधी करा." भाड्याचा निर्णय त्यांनी त्याच बैठकीत सगळ्यांसमोर दिला : सौदा झाला की शेतकऱ्याचं भाडं बंद, पुढचं व्यापाऱ्याच्या नावावर. दिवाणजींनी तो स्वतः माईकमध्ये बोलून चिठ्ठीवर उतरवला.

मतांचा निकाल म्हणजे हुकूम नव्हे, हे मात्र मी प्रत्येक वेळी स्पष्ट सांगते. पैसा मालकाचा, जोखीम मालकाची. मतांमुळे त्याला एवढंच कळतं की काम करणाऱ्यांना कुठे बोचतंय.

सगळ्याच कामांना हा फळा चालत नाही. माणसामाणसातली अढी असेल, कोणाच्या पगाराचा किंवा चुकीचा विषय असेल, तर मी फळा उघडत नाही. गाडी काढून जाते आणि समोर बसून बोलते. दहा-बाराहून जास्त माणसं असतील तर दोन गट करते, नाहीतर कोपऱ्यातली माणसं फळ्यावरही कोपऱ्यातच राहतात. आणि कोणताही फळा कायमची तिजोरी समजू नये. गूगलने जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद केला. मिरोच्या फुकट प्लॅनमध्येही एका वेळी तीनच फळे बदलता येतात. म्हणून कार्यशाळा संपली की मी चिठ्ठ्यांची यादी एक्सेलमध्ये काढून घेते, आणि निर्णय वेगळ्या कागदावर, कोणी करायचं आणि कधीपर्यंत या दोन रकान्यांसह.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आता पेटी हलवली की हमाल फोनवर पेटीचा कोड स्कॅन करतात आणि नवा चेंबर निवडतात. तारणातल्या लॉटवर लाल पट्टी येते आणि तो सौद्याच्या यादीत चढतच नाही. कोड स्कॅन करायचा पडदा कसा हवा हे ठरवायला आम्ही वेगळी छोटी बैठक घेतली, आणि तिच्यात पहिली चिठ्ठी मुकादमांची होती. या वेळी त्यांनी ती माईकमध्ये स्वतः बोलून लिहिली : "बटन मोठं पायजे, हातात ग्लोज असतात."

आता त्याच अडतीच्या हळदीच्या बाजूचं काम सुरू होतंय. पट्टीवरचे टप्पे बदलतील : काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सौदा. शेतकरी दोन बोलवायचे ठरलेत, एक वाळव्याकडचा आणि एक कर्नाटकातून माल आणणारा. त्याच्यासाठी कन्नड कीबोर्ड आणि कन्नड वाचणारा एक माणूस लागेल. दिवाणजींच्या ओळखीत तसा माणूस आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांचे फोन तपासून घेणार आहोत.